साइट विकून अंतराळात

३ नोव्हेंबर, सोमवार

आज सहा घरं. सहाही ‘हो’. गुडघा कुरकुरतोय, पण केतकी खूश होईल.

प्रश्न एकच आहे, तरी विचारताना अजून माझं मलाच हसू येतं. “तीन दिवस पृथ्वीभोवती फिरवून सुखरूप परत आणलं, आणि तिकीट मैसूरमधल्या तीस बाय चाळीस फुटांच्या साइटच्या किमतीत बसलं, तर जाल का?” इथे प्लॉटला साइट म्हणतात आणि माणसाची ऐपत साइटमध्येच मोजतात. येलवालला एक, हिनकलला एक, असं. सांगलीहून नवीन आलो तेव्हा मला वाटायचं, हे सगळे बांधकामावरच असतात की काय.

साबण, बिस्किटं, खोबरेल तेल, टीव्हीवरच्या मालिका, सगळ्यांचे सर्व्हे केले आजवर. अंतराळ तेवढं राहिलं होतं. तेही पोटच्या पोरीसाठी, म्हणजे फुकट.

६ नोव्हें., गुरुवार

केतकीचा फोन. “किती झाले?” कशी आहेस, जेवलीस का, काही नाही. बरेच झाले म्हटलं, आणि जवळजवळ सगळे हो. पलीकडून तिचा भागीदार, नवीन, कन्नडमध्ये काहीतरी ओरडला आनंदाने. दोघंही आठवडाभर बेंगळूरूला एका मोठ्या कंपनीत, आणि शनिवार-रविवार येलवालच्या भाड्याच्या शेडमध्ये. रॉकेट ते बनवत नाहीत, ते दुसऱ्यांचं. हे फक्त आतली केबिन करणार, जास्त माणसं मावतील अशी. माणसं जास्त, तिकीट कमी.

आणि माणसं कमी पडली तर? “तिथेच तर सगळं आहे आई. रॉकेट भरून गेलं पाहिजे आणि सारखं जात राहिलं पाहिजे. तरच भाव उतरतो. आणि भाव उतरला तरच माणसं येणार.” म्हणजे आमच्या सांगलीकडचं वडापच की. जीप भरल्याशिवाय सुटत नाही, आणि सुटत नाही म्हणून लोक एसटीने जातात. हसली. हे प्रेझेंटेशनमध्ये घालते म्हणाली.

श्रीकांतनाही प्रश्न विचारला. घरचं एक उत्तर असू दे म्हटलं. पेपर खाली न करता म्हणाले, “एकट्याने, की तुझ्यासोबत?” त्यांचं नाव गाळलं.

९ नोव्हें., रविवार

शिवरामपेठेत नामदेवरावांकडे. कोट आणि शाळेचे युनिफॉर्म शिवतात, कितीतरी पिढ्या मैसूरच्याच. विठ्ठलाच्या देवळात भजनाला भेटतात. माझ्या सर्व्हेतली निम्मी घरं त्या देवळातलीच. कॉफी झाली, कोडबळी झाली, मग प्रश्न. नामदेवराव क्षणभरही थांबले नाहीत.

“जाऊ की ताई! येलवालची साइट हाय, विकून टाकू. अल्वा गं, खरं ना?”

बायको आतून “हौदु, हौदु” म्हणाली आणि आणखी कोडबळी घेऊन आली. दोन ‘हो’ एका घरात.

त्यांची थोरली बहीण सुभद्राक्का सरगूरहून आलेली होती. शाळेतून रिटायर झालेल्या बाई, आता आल्याची शेती करतात. म्हटलं, तुम्हीही सांगा. तर उत्तराच्या आधी प्रश्न. “बाथरूम कसलं?” पाइपाने हवेच्या जोरावर ओढून घेतात म्हणे, असं मी केतकीचं ऐकलेलं सांगितलं. “दार हाय का त्याला? बायकांना वेगळं? अंघोळ?” अंघोळ नाही म्हटल्यावर मान हलवली.

“मग नको. लिहून घ्या, सुभद्राचं नाही.”

नामदेवराव ओशाळले. “अक्का, असं तोंडावर नाही म्हणतात का?” मला काही वाटलं नाही, सर्व्हेत असे एखाददुसरे असतातच. ‘नाही’वर खूण केली आणि पुढच्या घरी गेले.

११ नोव्हें., मंगळवार

शेवटचं घर, विजयनगरचे देशपांडे. नाशिकचे, सॉफ्टवेअरमध्ये. “ऑफ कोर्स! वन्स इन अ लाइफटाइम!” फोनवरून डोळे न काढता म्हणाले. मात्र लिफ्टपर्यंत सोडायला आले, मुलगा गुणी आहे.

सगळ्याची बेरीज करून केतकीला पाठवलं. नव्वद टक्क्यांच्या वर हो. खोबरेल तेलालाही कधी एवढे मिळाले नव्हते.

संध्याकाळी फोन. आवाज असा, की बऱ्याच दिवसांत ऐकला नव्हता. २४ला बेंगळूरूचे एक गृहस्थ भेटणार आहेत, पैसे घालायचे की नाही ते या आकड्यांवर ठरवणार. आणि ती स्वतः २८ला नोकरीचा राजीनामा देणार. “नव्वद टक्के, आई! आता कशाला घाबरायचं? तुला पटतंय ना?”

“हो गं,” म्हटलं.

श्रीकांत माझ्याकडे बघत होते.

१६ नोव्हें., रविवार

येलवालची शेड. ज्यांनी ज्यांनी हो म्हटलं त्यांना सगळ्यांना बोलावलं होतं. प्लायवुडची केबिन, आकाराने खऱ्याएवढीच. सकाळी आत बसायचं ते संध्याकाळपर्यंत, नुसती चुणूक म्हणून. पैसे नाहीत, जेवण आमचं. केतकीला गृहस्थांना दाखवायला व्हिडिओ हवा होता.

सकाळपासून फोन वाजतोय. पाव्हणे आलेत. मुलाची परीक्षा. यांना जरा ताप वाटतोय. “नोडोणा ताई, पुढच्या वेळी नक्की.” नोडोणा म्हणजे बघूया. आपल्याकडे बघूया म्हणजे काय ते ज्याला कळतं त्याला हेही कळतं.

जे आले ते हळदीकुंकवाला आल्यासारखे आले. नवी साडी, इस्त्रीचा शर्ट. आत डोकावले, पाच मिनिटं टेकले, फोटो काढले, “किती छान केलंय हो पोरांनी” म्हणाले, चित्रान्न खाल्लं, निघाले. नामदेवराव मैसूरपाकाचा डबा घेऊन आले होते. सीटचं कापड बोटात धरून बघितलं, शिलाईचं कौतुक केलं, फोटोपुरते बसले. देशपांड्यांनी फोनवर नुसता अंगठा पाठवला.

जेवणं आटोपल्यावर सुभद्राक्का हजर! बोलावलं नव्हतं, त्यांचं तर ‘नाही’ होतं. भावाकडून कळलं म्हणून सरगूरहून बस बदलून आलेल्या. पाणीसुद्धा न पिता थेट केबिनच्या मागच्या कोपऱ्यात. तिथे पडदा लावलाय. “याला कडी कुठं?” नवीनने सांगितलं, दार केलं तर वजन वाढतं, वजन वाढलं की तिकीट वाढतं. “बरं. आणि पोटाचं? आमच्या घाटातल्या बसमधे निम्मे लोक ओकतात.” नवीन सरळ आहे. म्हणाला, वर गेल्यावर पहिला दिवस-दोन दिवस निम्म्या लोकांना मळमळतंच, मग सवय होते.

“मग तीनातले दोन दिवस ओकायचं नि एक दिवस बघायचं?”

केतकी म्हणाली, “दिवस वाढवले तर महाग होतं ना, अक्का.”

“स्वल्प महाग होऊ दे की. ओकायला कोण साइट विकतंय?”

नवीनने ते लिहून घेतलं. मग अक्का चपला काढून आत जाऊन बसल्या आणि उजेड जाईपर्यंत बसल्या. खिडकीतून दिसत होती शेडची भिंत, तरी बराच वेळ तिकडेच बघत होत्या. बाहेर आल्या तेव्हा पाठ धरली होती. “अजून नाहीच हं माझं,” म्हणाल्या, आणि पुन्हा कधी बोलावणार ते विचारून गेल्या.

आवरताना केतकी हसत होती. “दिवसभर टिकलं कोण, तर एक ‘नाही’वाली!” मला हसू आलं नाही.

१७ नोव्हें., सोमवार

सकाळपासून एकच डोक्यात.

महिला मंडळाच्या सहली मीच काढायचे. हंपीच्या वेळी बसमध्ये मावणार नाहीत एवढी नावं आली होती आणि निघताना निम्मी बस रिकामी. आल्या कोण? ज्यांनी आधी जीव खाल्ला होता त्या. बाथरूम खोलीतच आहे ना, गरम पाणी सकाळी की दिवसभर, उपासाचं मिळेल का, मला पुढची सीट हवी, मागे बसलं की गाडी लागते मला. नुसतं “येऊ की!” म्हणणाऱ्या एकजात गळाल्या. ज्याला खरंच जायचं असतं त्याच्या डोळ्यांपुढे तिथली सकाळ उभी राहते, आणि सकाळ म्हटली की आधी बाथरूम.

मग या सगळ्या घरांतून मला कोणी काय विचारलं? आठवून आठवून बघितलं. खायला काय देणार, मुलांना फोन लागेल का, परत कुठे उतरणार, गोळ्या चालू आहेत त्यांचं काय? एका हाताची बोटं पुरली. आणि त्यातली दोघं-तिघं तर ‘नाही’च्या रकान्यातली.

बाकीच्यांनी नुसतं हो म्हटलं आणि कॉफी दिली. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात.

इतकी वर्षं लोकांच्या दारात उभी राहिले. साबणाच्या कंपनीसाठी गेले तर लोक तोंडावर सांगायचे, घाण वास येतो. या वेळी मी कंपनीची बाई नव्हतेच. देवळातली ताई होते, लेकीचं काम घेऊन आलेली. दारात पाऊल टाकतानाच “आमच्या केतकीचं आहे हो” म्हणत होते. नाही म्हणणार कोण?

१८ नोव्हें., मंगळवार

खात्री करायला नामदेवरावांच्या दुकानात. म्हटलं, आता केतकीचं राहू दे, खरं सांगा, जाल?

मशीन थांबवलं. “अय्यो ताई. तुमी दारात आलात. नाही म्हटलो तर तुमाला बेजार होईल की. सुम्ने हो म्हटलो.”

“आणि साइट?”

“ती नातीच्या नावावर हाय.” हसले, आणि माझा चेहरा बघून थांबले. “का हो, आमच्या ‘हो’नं काय बिघडलं का?”

“छे छे, काही नाही,” म्हटलं. म्हणजे बघा. त्यांच्या भिडेवर बोलायला गेले आणि स्वतः भिडेने गप्प बसून परत आले. भीड भिकेची बहीण म्हणतात ते उगीच नाही.

सुम्ने म्हणजे उगाच, सहज, मनात काही न ठेवता. राग येण्यासारखं काही नाही त्यात. मला राग आला तो माझाच.

२० नोव्हें., गुरुवार

सांगितलं नाही अजून. काल फोन आला, भाजी फोडणीला टाकलीय म्हणून ठेवला. आज आला, तिनेच घाईत ठेवला. २४ सोमवारी आहे.

श्रीकांतना सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. “तिला सांगायला हवं.” हो. “मी सांगू?” नको. उत्तरं मी आणलीत, मीच सांगणार.

पण भीती वाटते. एकुलती एक. बोलणं मोजकं, तेही फोनवर. बऱ्याच दिवसांनी तिच्या एखाद्या गोष्टीत माझा हात लागला होता, रोज फोन येत होता, ‘किती झाले’ म्हणून का होईना. हे सांगितलं की तो बंद होईल असं वाटतं. चांगली नोकरी सोडून ती पोरगी माझ्या नव्वद टक्क्यांवर उडी मारणार आहे आणि मी फोन मोजत बसलेय!

२२ नोव्हें., शनिवार

केतकी शेडवर जाताना घरी आली. दार लावून घेतलं आणि सांगून टाकलं. हंपी, नामदेवराव, सगळं.

आधी ऐकलं. मग, “आई, सर्व्हे हा सर्व्हे असतो. सगळे असेच आकडे दाखवतात.”

“दाखवू देत. ही उत्तरं मी आणलीत आणि ती खोटी आहेत.”

“विमान पहिल्यांदा निघालं तेव्हा लोकांना विचारलं असतं तर कोण हो म्हणालं असतं?”

“नसतंच म्हणालं. पण ते नाही म्हणाले असते गं. मग त्यांना ‘का?’ म्हणून विचारता आलं असतं. या लोकांनी मला हो म्हटलंय, त्यांना मी काय विचारू?”

खिडकीशी जाऊन उभी राहिली. बाजारात तुरी, आणि आम्ही मायलेकी हमरीतुमरीवर. श्रीकांत चहा घेऊन आले आणि ट्रे तसाच घेऊन परत गेले.

मग वळून म्हणाली, “मला हो म्हणालीस तेही सुम्नेच का?”

हो म्हणायचं होतं की नाही म्हणायचं होतं, तेच कळेना. दोन मिनिटं वाट बघून तिने बॅग उचलली. जेवण तसंच राहिलं. रडले, लिहायला काय हरकत आहे.

२४ नोव्हें., सोमवार

आज ती भेट. फोन नाही. मीही केला नाही.

दुपारी देवळात जाऊन बसले. नामदेवरावांची बायको भेटली, केतकीचं कसं चाललंय विचारलं. “चाललंय,” म्हटलं.

२५ नोव्हें., मंगळवार

नवीनचा फोन आला. “आंटी, केतकी सांगणार नाही, म्हणून मी सांगतो.” मोडक्या मराठीत, माझ्यासाठी.

रविवारी दिवसभर दोघांचं वाजलं. नवीनचं मत, आकडे ठेवू. केतकी म्हणाली, काढ. भेटीत तिने नव्वद टक्क्यांचं पान दाखवलंच नाही. त्याऐवजी प्रश्नांचं पान. दार का नाही, मळमळ उतरेपर्यंत परतीची वेळ झाली तर पैसे कशाचे, दिवस वाढवून भाव कसा धरणार, आधीच्या आजाराचं काय. म्हणाली, लोक हे विचारतात. याची उत्तरं असतील तर माणसं मिळतील, नसतील तर कितीही स्वस्त केलं तरी रॉकेट रिकामं जाईल. आज आमच्याकडे निम्म्या प्रश्नांची आहेत.

गृहस्थांनी खूप वेळ विचारलं. मागणीचा आकडा द्या म्हणाले. ती म्हणाली, खरा आकडा नाही माझ्याकडे. विचार करून कळवतो म्हणाले, आणि पान मागून घेतलं. नवीनला ते चांगलं वाटतंय की वाईट ते सांगता येईना.

“ती रागावली आहे का माझ्यावर?” विचारलं.

“हो,” म्हणाला. सरळ मुलगा आहे.

२८ नोव्हें., शुक्रवार

दिवसभर फोनजवळ. राजीनामा दिला असेल का? गृहस्थांचं काही कळलेलं नाही, मग आता कशाला देईल. संध्याकाळी मेसेज, एकच ओळ. ‘राजीनामा दिला. रविवारी येते, खोलीतली शिवणाची मशीन हलवशील का.’

श्रीकांतना दाखवला. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचला. “म्हणजे राहायलाच येतेय.” मग मशीन हलवायला उठले. जेवून हलवा म्हटलं तर ऐकेनात.

मला आनंद झाला की धस्स झालं? दोन्ही. आधी धस्स.

३० नोव्हें., रविवार

केतकी आली. दोन बॅगा, एक कुंडी, संगणकाचा मोठा पडदा गोधडीत गुंडाळलेला. गृहस्थांकडून अजून काही नाही. बेंगळूरूची खोली सोडली, उद्यापासून इथून येलवालला जाणार. नवीन मात्र त्याची नोकरी तूर्त ठेवतोय. तिला त्याचं वाईट वाटलंय, बोलली नाही, पण कळतं.

सामान लागेपर्यंत आम्ही दोघी कामापुरतं बोललो. ही चादर घेऊ का, तो पंखा आवाज करतो. श्रीकांत कुंडी कुठे ठेवायची यावर उगाच बराच वेळ बोलत राहिले.

पानं घेतली. मी वाढत होते. तेव्हा म्हणाली, “आई, आता सांग. तुला पटलंय का, मी केलं ते?”

हातात भाताचा डाव होता. श्रीकांतनी माझ्याकडे बघितलंच नाही, लोणच्याची बरणी न्याहाळत बसले.

“नाही,” म्हटलं. “मला भीती वाटते. हातची नोकरी गेली. आणि एवढी माणसं तुम्हाला माझ्या हयातीत मिळतील असं मला वाटत नाही.”

म्हणून टाकलं. तिच्याकडे बघवेना, म्हणून तिच्या पानात भात वाढला, मग आणखी थोडा वाढला.

“बस,” म्हणाली. मला वाटलं आता उठते. पण तिने ताट बाजूला सारलं, कोपरं टेबलावर टेकवली. डोळे भरले होते, आवाज मात्र साधा.

“बरं. का वाटत नाही? एकेक सांग.”

सांगायला लागले. वरण दोनदा गरम करावं लागलं.